थोरल्याने घर बांधलं नाही की धाकटा थांबतो: नैरोबीतल्या सहकाऱ्याबद्दलच्या प्रश्नाला उत्तर

तुमचा प्रश्न मला कळला तो असा. तुम्ही नैरोबीजवळ अथी रिव्हरच्या एका कारखान्यात मॅनेजर आहात. तुमच्या हिशेब विभागात एक सहकारी आहे. पस्तिशीचा, लुओ समाजातला, पश्चिम केनियातल्या सियाया काउंटीतला, घरातला थोरला मुलगा, कामाला चोख. यंदा डिसेंबरात तो गावी गेला नाही, घरच्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपमधून बाहेर पडला, आणि आता जेवायलाही कॅन्टीनमध्ये येत नाही. त्याचा धाकटा भाऊ कतारमध्ये कमावतो. एकदा गाडीत तो तुम्हाला म्हणाला, "भावाला तोंड दाखवायची सोय राहिली नाही." त्यावर तुम्ही म्हणालात, "लोकांचं कशाला मनावर घेतोस?" त्या दिवसापासून तो तुमच्याशीही कामापुरतंच बोलतो. आफ्रिकन समाजात लाज आणि तुलना यांना माणसं कशी तोंड देतात, याच्यासाठी मी काय करू, आणि त्याच्या भावाला फोन करू का, असं तुम्ही विचारलंय.

"आफ्रिकन समाजात" याला एक उत्तर नाही, हे आधीच सांगते. लागोसच्या लग्नात सगळ्या गोतावळ्याने एकाच कापडाचे कपडे शिवायचे असतात. तिथे ते असो-एबीचं कापड घ्यायला पैसे नसणाऱ्या बाईची लाज वेगळी. गांबियातून वाळवंटाच्या वाटेने युरोपला निघालेला आणि लिबियातून रिकाम्या हाताने परत आलेला पोरगा, ज्याच्या प्रवासासाठी घरच्यांनी गुरं विकली, त्याची वेगळी. मी नैरोबीत समुपदेशन करते. माझ्याकडे येणारे बरेचसे पगारदार आहेत, आणि त्यांतले पुष्कळ पश्चिम केनियातले. तेव्हा मी बोलते ते त्यांच्याबद्दल. तुमच्या सहकाऱ्याला मी भेटलेले नाही. पुढचं काही त्याला लागू होईल, काही होणारही नाही.

तुमच्या लिहिण्यावरून वाटतं की त्याचा आत्मविश्वास खचलाय आणि तो परत यायला हवा, असा तुमचा समज आहे. मला तसं वाटत नाही. तो भ्रमात नाही. काही खरी माणसं त्याच्याकडून काही खऱ्या गोष्टींची वाट पाहत आहेत, आणि तो ते देऊ शकत नाहीये. म्हणून "लोकांचं मनावर घेऊ नकोस" हे त्याला लागलं. ज्या लोकांनी वर्गणी काढून त्याला शिकवलं असेल, त्यांना तुम्ही एका वाक्यात "लोक" करून टाकलंत. थोरल्याला हायस्कूलला पाठवायला काकाने बैल विकला, आत्याने दुकानातून उधारी केली, अशा गोष्टी मी इतक्यांदा ऐकल्या आहेत की नव्या माणसाला आता मीच विचारते, तुमची फी कोणी भरली? उत्तरात सहसा एकच नाव नसतं.

आता घराचं. लुओ रीतीत मुलगा वयात आला की वडिलांच्या आवारात स्वतःची खोली बांधतो. तिला सिम्बा म्हणतात. लग्न होऊन पोरंबाळं झाली की त्याने तिथून निघून स्वतःचं आवार मांडायचं. यात भावांचा क्रम असतो. थोरल्याने आवार मांडल्याशिवाय धाकट्याने मांडायचं नाही. क्रम मोडला तर चिरा लागतो, म्हणजे घराण्यावर अरिष्ट येतं, असं जुनी माणसं मानतात. सगळेच हे पाळतात असं नाही. काही चर्चवाली कुटुंबं साफ नाकारतात, आणि काही घरांत मुलगा नाकारतो पण आई रात्रभर झोपत नाही. तुमच्या सहकाऱ्याच्या घरी काय आहे, मला माहीत नाही. पण पाळत असतील, तर चित्र असं होतं: धाकट्याकडे कतारचा पैसा आहे, पत्रे-सिमेंटचा भाव त्याने काढून ठेवलाय, आणि तो थांबलाय. कारण थोरला हललेला नाही. म्हणजे भावाची बरोबरी करता येत नाही एवढ्यावर हे संपत नाही. आपण भावाची वाट अडवून बसलोय, हे त्याला रोज टोचतं. "भावाला तोंड दाखवायची सोय राहिली नाही" हे वाक्य आता पुन्हा वाचा.

नैरोबीत फ्लॅट घेतला तरी हे सुटत नाही. एस. एम. ओटिएनो या नैरोबीतल्या नामवंत लुओ वकिलाचं 1986 च्या डिसेंबरात निधन झालं. पत्नीला अंत्यविधी नैरोबीजवळ करायचा होता. त्यांच्या कुळाचं म्हणणं, दफन सियायातल्या न्यालगुंगालाच. प्रकरण न्यायालयात महिनोन्महिने चाललं, अख्खा देश रोज त्याच्या बातम्या वाचत होता, आणि मे 1987 मध्ये निकाल कुळाच्या बाजूने लागला. आजही माझ्यासमोर बसलेला तिशीचा आयटीवाला त्या खटल्याचा दाखला देतो. शहरात राहतो ते भाड्याचं असो की मालकीचं, घर म्हणजे तिकडचं, जिथे शेवटी नेतील ते.

हे सगळं पूर्वीही होतं, मग आताच एवढं का जाचतं? माझ्या मते तुलना आता आकड्यांत आणि नावानिशी होते म्हणून. हरांबे म्हणजे सगळ्यांनी मिळून पैसे उभे करणं. स्वातंत्र्यानंतर पहिले राष्ट्राध्यक्ष जोमो केन्याटा यांनी त्याला राष्ट्रीय घोषवाक्य केलं आणि ते केनियाच्या राजचिन्हावरही आहे. असंख्य शाळा या पैशातून उभ्या राहिल्या. तेव्हाही कोणी किती दिले ते जाहीर वाचून दाखवत. पण तो एक दिवस असायचा. 2007 मध्ये एम-पेसा आलं, फोनवरून पैसे पाठवता यायला लागले, आणि मग व्हॉट्सॲप. आता मयत असो, ऑपरेशन असो, लग्न असो, दर वेळी एक ग्रुप निघतो. खजिनदार यादी टाकतो: 1. अमुक, 5,000. 2. तमुक, 2,000. पैसे आले की यादी सुधारून पुन्हा टाकतो, दिवसात दहादा. खाली रिकामे क्रमांक तसेच ठेवलेले असतात. ज्याने 200 पाठवले, त्याचे 200 डॉक्टर पुतण्याच्या 20,000 च्या खाली दिसतात, आणि ती यादी फोनमध्ये कायमची राहते. माझ्याकडे आलेल्या एका माणसाने मला फोन दाखवला. त्या महिन्यात तो अशा तीन याद्यांमध्ये होता, आणि तिन्हींत त्याच्या नावापुढे "देणार आहे" असं लिहिलेलं. ग्रुप सोडला तर आता सगळ्यांना सूचना जात नाही, फक्त ॲडमिनला जाते. पण ॲडमिन बहुधा चुलतभाऊच असतो.

डिसेंबरचं तुम्ही स्वतः पाहिलं असेल. नैरोबीतल्या मचाकोस कंट्री बसच्या स्टँडवर पश्चिमेकडच्या बसचं भाडं दुप्पट होतं, तरी माणसं जातात, आणि हात हलवत कोणी जात नाही. साखर, पाव, तेल, पिठाची पाकिटं, आईला लेसो म्हणजे अंगाला गुंडाळायचं छापील कापड, पोरांना कपडे. शिवाय पोचल्यावर प्रत्येक म्हातारा हात पुढे करून सोड्याचे, म्हणजे थंड पेयाचे, पैसे मागतो. त्यानंतर येणाऱ्या जानेवारीला केनियन लोक स्वतःच न्जानुअरी म्हणतात, उपासमारीचा महिना. थट्टाच आहे, पण खरी. जो गेला नाही, त्याच्याबद्दल "कामामुळे जमलं नाही" एवढ्यावर कोणी समाधान मानत नाही.

आता कॅन्टीन. मला सगळ्यात जास्त खटकलं ते हे. गावची लाज असेल तर माणूस ऑफिसातल्या लोकांना का टाळेल? उलट तिथे तर त्याला बरं वाटायला हवं. म्हणून माझा पहिला संशय सॅकोवर जातो. सॅको म्हणजे आपल्याकडच्या पगारदारांच्या पतसंस्थेसारखी. कर्ज घ्यायचं तर सहकारी जामीन राहतात आणि त्यांच्या ठेवी त्यात अडकतात. हप्ते थकले की वसुली जामीनदारांच्या ठेवींतून होते. कॅन्टीनच्या ज्या टेबलावर तो बसायचा, तिथेच त्याचे दोन जामीनदार बसत असतील, तर तो डबा घेऊन गाडीत का जेवतो हे वेगळं विचारायला नको. दुसरा संशय मोबाइलवरच्या कर्जाच्या ॲपवर. काही ॲपवाले हप्ता चुकला की फोनमधल्या नंबरांवर फोन करत सुटायचे, बॉसला, सासऱ्याला, पाद्रीला. केनियाच्या केंद्रीय बँकेने 2022 च्या नियमांनी हे बंद केलं, आणि 2023 मध्ये डेटा संरक्षण आयुक्तांच्या कार्यालयाने अशा एका कंपनीला जवळपास 30 लाख शिलिंग दंडही ठोकला. तरी बिनपरवाना ॲप आहेतच. तिसरी शक्यता फुटबॉलवरच्या बेटिंगची. तीही मोबाइलवरच, आणि तिच्याबद्दल माणूस सगळ्यात शेवटी बोलतो. यांतलं काही नसेलही. पण आत कर्ज असेल आणि वरवर आपण "स्वतःला माफ कर" वगैरे बोलत राहिलो, तर काही उपयोग नाही.

माझ्या कामातून माझं जे मत झालंय ते असं. कमी पडणं माणसं सोसतात, आणि गावही सोसतं. दर घरात कोणी ना कोणी कमी पडलेलं असतं. सोसत नाही ते दिसेनासं होणं. "यंदा 500 च जमतील" असं म्हणणाऱ्यावर चार जण नाक मुरडतात आणि विषय संपतो. फोन न उचलणाऱ्याबद्दल मात्र गोष्टी तयार होतात: नैरोबीत बाई ठेवलीय, बायकोने फितवलंय, मोठा साहेब झालाय. मग त्याला त्या गोष्टींची लाज, म्हणून तो आणखी लांब. म्हणून मी कोणाला कातडी जाड करायला सांगत नाही. त्याच्याकडे बघणारी माणसं मी कमी करते. साठ जणांच्या ग्रुपला तोंड द्यायची गरज नसते. एका माणसाला खरा आकडा सांगायची असते.

तो एक माणूस कोण, यावर बरंच अवलंबून असतं. वडील हयात असतील आणि चिडके असतील तर सहसा ते नव्हेत. मी विचारते, तुमच्या घरी भांडण झालं की कोणाला बोलावतात? बहुतेकांना लगेच नाव सुचतं. एखादा काका, आजी, आईचा भाऊ, कधी थोरली वहिनी. हा माणूस पुढे ग्रुपमध्ये एक ओळ टाकतो, "त्याचं माझ्याशी बोलणं झालंय," आणि त्या एका ओळीने जे होतं ते त्याने स्वतः पानभर लिहूनही होत नाही. बोलताना माफी कमी, आकडा जास्त. "महिन्याला इतके जमतात, त्यातले इतके आईच्या औषधाला, अमुक महिन्यापर्यंत वर्गण्यांना 300 च्या वर देता येणार नाही." आकडा आणि मुदत दिली की समोरच्याला काही तरी धरायला मिळतं. "बघतो, करतो" यानेच याद्यांत "देणार आहे" साचत जातं.

ही पद्धत माझी एकटीची नाही. झिम्बाब्वेत हरारेच्या म्बारे वस्तीत 2006 पासून डॉ. डिक्सन चिबांडा यांनी आज्यांना प्रशिक्षण देऊन दवाखान्याच्या आवारातल्या बाकांवर बसवलं. त्याला फ्रेंडशिप बेंच म्हणतात. आजी माणसाचं सगळं ऐकून घेते, त्याच्याकडून अडचणींची यादी काढून घेते, त्यातली एकच निवडायला लावते आणि पुढच्या भेटीपर्यंत करता येईल असं एक छोटं पाऊल ठरवते. 2016 मध्ये त्यांच्या चाचणीचे निकाल प्रसिद्ध झाले. नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपेक्षा बाकावर येऊन बोललेल्यांची नैराश्याची लक्षणं स्पष्टपणे कमी झाली होती. मला त्यातलं आवडतं ते हे की आजी लाजेवर व्याख्यान देत नाही. ती विचारते, भाडं किती थकलंय?

घराच्या बाबतीत एक गोष्ट तुमच्या सहकाऱ्याला बहुधा ठाऊक आहे, पण तो ती विसरलेला असेल. आवार मांडायच्या रीतीला बंगला लागत नाही. वडील, किंवा ते नसतील तर काका, पुढे होऊन जागा दाखवतात. कोंबडा, कुऱ्हाड, विस्तव सोबत नेतात, आणि पहिलं घर साधं, झटपट उभं राहील असंच असतं. टाइल्स, खिडक्यांच्या काचा, पाण्याची टाकी हे सगळं शेजाऱ्याचं बघून आलेलं. माझ्याकडे एक शिक्षक यायचे (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलते आहे). चांगलं घर बांधता येईल तेव्हाच जाईन म्हणून त्यांनी कित्येक डिसेंबर टाळले होते. शेवटी काकांशी बोलले. काका म्हणाले, "तुला बंगला बांध म्हणून कोणी सांगितलं? तुझ्या बापाचं पहिलं घर मातीचं होतं. पत्रे टाक आणि धाकट्याला मोकळा कर." पत्र्याची दोन खोल्यांची खोपटी झाली. धाकट्याने वर्षभरात तिच्या शेजारी मोठं घर बांधलं, आणि ते शिक्षकांना अजून बोचतं, हेही खरं. पण ते आता गावी जातात. हे सगळ्यांना जमेल असं मी म्हणत नाही. वडील आणि काकांचं जमिनीवरून वाकडं असेल, किंवा बायको दुसऱ्या समाजातली असेल आणि तिला हे पटत नसेल, तर गुंता वाढतो. आणि त्या रीतीबद्दल तुम्ही किंवा मी त्याला शिकवायला जायचं नाही. विचारायचं एवढंच, "तुमच्यात पहिलं घर कसं असावं लागतं?" तो सांगायला लागला की स्वतःच ऐकतो.

बायकांचं थोडं वेगळं असतं. चामा म्हणजे इथली भिशी. त्यातली पाळी चुकली तर पैशाबरोबर मैत्रिणीही जातात, आणि मूल नसणं किंवा नवरा सोडून जाणं याला आकडा आणि मुदत कसली देणार? तो वेगळा विषय आहे, इथे घेत नाही.

आता तुमचं. तुम्ही त्याचे साहेब आहात आणि त्यांच्या भाषेत मुहिंदी, म्हणजे भारतीय. तुमच्यापुढे तो उघडा पडला, हीच एक नवी लाज झाली असेल. त्याला केबिनमध्ये बोलावून "तुला काय झालंय" विचारू नका. गाडीत बोलला होता ना, मग गाडीतच. शेजारी शेजारी बसलं की डोळ्यात बघावं लागत नाही. त्या दिवशीच्या वाक्याबद्दल एवढंच म्हणा की घरच्यांचं ओझं काय असतं ते मला नीट कळलं नव्हतं, आणि मग त्याच्या घरचं विचारा. त्याची फी कोणी भरली, इथून सुरुवात केलीत तरी चालेल. उपदेश मुळीच नको. खिशातून पैसे तर त्याहून नको. ते फेडता येणार नाहीत, आणि मग तुम्हीही त्याच्या यादीत एक नाव व्हाल. मदत करायचीच तर कंपनीच्या नियमातली उचल, जी कोणालाही मिळते. ती त्याच्याच हिशेब विभागातून फिरून जाणार नाही एवढं बघा, थेट एचआरकडून होऊ द्या. त्याची पगाराची स्लिपही एचआरला शांतपणे तपासायला सांगा. केनियाच्या 2007 च्या रोजगार कायद्यानुसार सगळ्या कपाती मिळून पगाराच्या दोन तृतीयांशांच्या वर जाता कामा नयेत. त्या मर्यादेला टेकल्या असतील तर सॅकोकडून हप्ता कमी करून मुदत वाढवून घ्यायची, हे आधी. सॅको हे करतात, पण माणसाने हप्ते थकायच्या आधी जाऊन बोललं तर सोपं जातं.

झोप उडाली असेल, दारू वाढली असेल, वस्तू देऊन टाकत असेल, "मी नसतो तर बरं झालं असतं" असं काही बोलला असेल, तर वरचं सगळं बाजूला ठेवा आणि सरळ विचारा, जीव द्यायचा विचार येतो का? विचारल्याने तो विचार डोक्यात येत नाही. केनियात आत्महत्येचा प्रयत्न कायद्याने गुन्हा होता. जानेवारी 2025 मध्ये उच्च न्यायालयाने ते कलम घटनाबाह्य ठरवलं, पण पोलिसांची भीती लोकांच्या मनातून अजून गेलेली नाही, म्हणून माणसं बोलत नाहीत. केनिया रेड क्रॉसचा 1199 हा नंबर मोफत आहे, बेफ्रेंडर्स केनियाही फोनवर बोलतात. "हो" आलं तर त्याला एकटं सोडू नका, त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या.

शेवटी भावाचा फोन. करू नका. तुमचा हेतू चांगला आहे, पण फोन ठेवल्यावर कतारमध्ये काय ऐकू जाईल ते बघा: दादाची अवस्था इतकी वाईट आहे की त्याच्या मुहिंदी साहेबाने मला फोन केला. ती बातमी संध्याकाळपर्यंत सियायात पोचेल, आणि जे त्याने स्वतः काकांना सांगायचं ते काकांना आधीच कळलेलं असेल. जीवाचा धोका असेल तर गोष्ट वेगळी, तेव्हा ज्याला करता येईल त्याला करा. एरवी तो काकांशी बोलेपर्यंत थांबा. यदाकदाचित त्यानेच तुम्हाला गावी चला म्हटलं, तर जरूर जा. साखर आणि पाव घेऊन जा, मागे बसा, आणि घराबद्दल कोणी विचारलं तर उत्तर त्याला देऊ द्या.